पावसाळा, १ आरके आणि भिंतीवरची ओल

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलेल्या जागा थोड्या नीट केल्यात, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

लोकलमध्ये एका हाताने कडी धरून ऐकत असाल, किंवा रात्री भांडी घासताना, सगळ्यांचं स्वागत. मागच्या भागात आपण वीजबिलावर बोललो होतो. आज जरा घरातलंच, पण न दिसणारं प्रकरण घेऊ या. ओल. भिंतीवरची ओल, कपाटामागची बुरशी आणि तो कोंदट वास, जो पाहुण्यांना दारातच येतो आणि आपल्याला सवयीने येईनासा होतो.

तुमच्यापैकी बरेच जण १ आरकेमध्ये राहतात हे मला मेसेजवरून माहीत आहे. पीजीत, चाळीतल्या खोलीत, काही जण तर गाडीत गादी टाकून कोकण फिरणारे. तुम्हा सगळ्यांचा प्रॉब्लेम एकच आहे. जागा छोटी म्हणजे हवा कमी, आणि हवा कमी म्हणजे ती पाण्याने पटकन भरते. आजचं सगळं गणित या एका वाक्यावर उभं आहे.

पण मी सुरुवात गणिताने नाही, भांडणाने करणार आहे.

कपाट सरकवलं तेव्हा

मी डोंबिवलीत राहतो. तिसरा मजला, एक खोली, एक किचन, सव्वादोनशे स्क्वेअर फुटांपेक्षा थोडं कमीच. बाबा गेल्यानंतर आई गुहागरकडचं घर बंद करून माझ्याकडे आली. तिला दम्याचा त्रास जुना आहे, पण गावाला तो वर्षातून दोन-चार वेळा डोकं वर काढायचा. माझ्याकडे आली आणि पहिल्याच पावसाळ्यात खोकला थांबेना.

जुलैचा दुसरा आठवडा असेल. मला ऑफिसच्या कामासाठी डिग्रीची झेरॉक्स हवी होती. कपाटाच्या मागच्या फटीत फाइल पडली होती म्हणून कपाट सरकवलं, आणि मागची भिंत काळी. म्हणजे ठिपके नाहीत, सलग नकाशाच. फाइल उघडली तर चार वर्षं घासून मिळवलेल्या बीटेकच्या डिग्रीवर हिरवट लव आलेली. कॉलेजच्या कॅन्टीनलासुद्धा इतकी हिरवळ नव्हती.

दुसरी भिंत, पश्चिमेकडची, ती तर उघडच खराब होती. खिडकीच्या खाली रंगाचे पोपडे सुटलेले, बोट लावलं की पांढरी पूड हाताला. आई म्हणाली, "लोणा लागलाय रे भिंतीला."

मी घरमालकांना फोन केला. ते वयाने मोठे, मी त्यांना काकाच म्हणतो. त्यांना म्हटलं, "काका, भिंत पाझरतेय, काहीतरी करायला हवं." ते म्हणाले, "अरे, तुम्ही कपडे घरात वाळवता, दारं-खिडक्या बंद करून एसी लावता. भिंतीला दोष नाही. घर सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापावे लागतील, आत्ताच सांगून ठेवतो." सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो तर ते म्हणाले, "फ्लॅटच्या आतलं आहे, मालकाशी बोला." झालं. आपला फुटबॉल सुरू.

आणि तो सगळा राग मी कुठे काढला? आईवर. ती सकाळी सहाला उठून सगळ्या खिडक्या सताड उघडायची. तिचं म्हणणं, सकाळी घर उघडायचं असतं, हवा खेळली पाहिजे. मी म्हणायचो, बाहेर धो धो पाऊस आहे, तू ओल आत घेतेस. ती साड्या किचनमधल्या दोरीवर वाळत घालायची. त्यावरूनही बोललो. आणि एका रात्री मी बोलून गेलो, "तू थोडे दिवस गावाला जा. मी इथलं बघतो."

ती फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर तिची बॅग दाराजवळ भरून ठेवलेली. जायचा दिवस ठरला नव्हता, पण बॅग तयार.

मला तेव्हाही वाटत होतं की मी बरोबर आहे.

मीठ आणि मीटर

आता माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडे प्रॉडक्शनला काही पडलं की पहिल्या पाच मिनिटांत कोणाचा कोड होता यावर भांडण होतं आणि मग कोणीतरी विचारतं, "लॉग बघितलेत का?" मी घरचे लॉग बघितलेच नव्हते. कारण लॉगच नव्हते.

मग मी दोन छोटे सेन्सर आणले, तापमान आणि आर्द्रता मोजणारे, आणि एका ईएसपी-३२ बोर्डाला जोडून दर पाच मिनिटांनी आकडा फोनवर पाठवायला लावला. एक खोलीत, एक किचनमध्ये. तुम्हाला हा उद्योग करायची गरज नाही. बाजारात घड्याळासारखा छोटा हायग्रोमीटर काहीशे रुपयांना मिळतो, तो पुरतो. फक्त तो खरं बोलतोय का ते तपासून घ्या. त्यासाठी आपल्या घरातलं मीठ.

एका झाकणात चमचाभर मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून ओल्या वाळूसारखं करा, आणि हायग्रोमीटरसकट झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. मीठ त्या बंद हवेत आर्द्रता ७५ टक्क्यांवर धरून ठेवतं. सकाळी मीटरवर ७५ दिसलं पाहिजे. माझा एक सेन्सर ७९ दाखवत होता, म्हणून त्यातून कायम चार वजा करायचे. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाणी धरतं तेही याच आकड्यामुळे. हवा ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ तिच्यातलं पाणी ओढून विरघळायला लागतं. म्हणजे तुमच्या मिठाला पाणी सुटलंय का, हा एक फुकटचा मीटर घरात आहेच.

आणि आकडा किती असावा? साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर घर निरोगी समजतात. भिंतीच्या अगदी लगतची हवा बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला पाहिजे ते सगळं मिळतं. खायला रंग, लाकूड, चामडं, कागद, धूळ, काहीही चालतं तिला.

पाणी येतं कुठून?

पहिल्या रविवारी मी हिशोब मांडला. तुम्हीही तुमच्या खोलीचा मांडा, गंमत वाटेल.

आमच्या घराचं आकारमान साधारण ६० घनमीटर. २८ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. म्हणजे पूर्ण घराची हवा शंभर टक्के भरली तरी पाणी किती? दीड लिटरच्या थोडं वर. बिसलेरीच्या दीड बाटल्या. बस, एवढीच आपल्या घराची क्षमता.

आता आपण आत किती पाणी सोडतो ते बघा. आईच्या साड्या आणि माझे कपडे मशीनमधून पिळून काढले आणि प्रवासाच्या बॅगा तोलतो त्या हुकच्या काट्याला लावले. ओले असताना ५.४ किलो, वाळल्यावर ३.५. जवळजवळ दोन लिटर पाणी कुठे गेलं? घराच्या हवेत. हवेत मावत नाही इतकं. उरलेलं भिंतीत, गादीत, कपाटातल्या कपड्यांत.

मग गॅस. हे मला बारावीला शिकवलं होतं आणि मी विसरलो होतो. एलपीजी जळतो तेव्हा त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक किलो गॅस जळला की दीड किलोपेक्षा जास्त पाणी तयार होतं. आपला घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. म्हणजे एक सिलिंडर संपतो तेव्हा आपण घरात साधारण २२ लिटर पाणी वाफ करून सोडलेलं असतं. यात कुकरच्या शिट्ट्या आणि भाताची वाफ धरलेली नाही.

आणि आपण स्वतः. दोन माणसं रात्रभर झोपली तर श्वास आणि घाम मिळून अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत जातं. गाडीत किंवा कॅराव्हॅनमध्ये झोपणाऱ्यांनो, सकाळी काचा आतून ओल्या का असतात याचं उत्तर हेच. त्या काचेवर तुमचाच रात्रभरचा श्वास असतो.

परदेशी सल्ला आणि आपला जुलै

मग मी नेटवर उपाय शोधले. सगळीकडे एकच सल्ला, खिडक्या उघडा. छान. आई हेच म्हणत होती. पण आमच्या ग्राफवर तर खिडकी उघडली की आर्द्रता ५८ वरून दहा मिनिटांत ९० च्या वर उडी मारत होती. मला वाटलं, बघा, मी म्हणत होतो ना!

पण थांबा. हा सल्ला लिहिणारे बहुतेक थंड देशातले. तिकडे हिवाळ्यात बाहेर ५ अंश असतं. ५ अंशांच्या हवेत, ती पूर्ण भरलेली असली तरी, घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम पाणी असतं. ती हवा आत येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. एकदम कोरडी. म्हणून तिकडे खिडकी उघडली की घर वाळतं.

आपल्याकडे जुलैत बाहेर २७ अंश आणि ८८ टक्के. घनमीटरला जवळपास २३ ग्रॅम पाणी. या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला ती पाणी सोडायला लागते तो आकडा, २५ अंशांच्या आसपास. आता मला सांगा, रात्रभर एसी २० वर कोणी लावला होता?

मी. वर्क फ्रॉम होम, रात्रीचे कॉल, बंद खोली, एसी २०. हवेचा झोत थेट कपाटाच्या भिंतीवर. सकाळी ती भिंत हात लावला तर गार लागायची, २२-२३ अंश. सहाला मी एसी बंद करून झोपायचो, आई उठून खिडक्या उघडायची. २५ अंश दवबिंदूची हवा २२ अंशांच्या भिंतीला भिडली. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसा आमच्या भिंतीला रोज सकाळी येत होता. कपाटामागे तर पंख्याचं वारंही पोचत नाही, त्यामुळे तो सुकायचाच नाही.

म्हणजे चूक आईच्या खिडकीची होती का माझ्या एसीची? खरं सांगायचं तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या केल्या तर ठीक आहेत. एकामागोमाग एक केल्या की भिंत भिजते. गावाला तिची भिंत बाहेरच्या हवेइतकीच उबदार असायची, त्यामुळे तिची सवय तिथे शंभर टक्के बरोबर होती. थंड भिंत हा माझा उद्योग होता.

एक गमतीची गोष्ट. एसीचा जन्मच मुळी ओलीमुळे झाला. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कमधल्या एका छापखान्यासाठी पहिलं आधुनिक यंत्र बनवलं, कारण दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसायचे नाहीत. माणसांना गारवा हा नंतरचा फायदा. आणि मी तेच यंत्र लावून घरात ओल तयार करत होतो!

तीन वाजून दहा मिनिटं

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी हा भाग करतोय.

किचनच्या सेन्सरच्या ग्राफमध्ये मला एक विचित्र टेकाड दिसत होतं. रोज रात्री तीनच्या सुमारास. तापमान अर्धा अंश वर, आर्द्रता आठ-दहा टक्के वर, वीस मिनिटांत पुन्हा खाली. रात्री तीनला किचनमध्ये कोण स्वयंपाक करतं? मला वाटलं सेन्सर खराब आहे. वायर बदलली, जागा बदलली. टेकाड तिथेच, कधी ३.१०, कधी ३.२५.

शेवटी एका रात्री मी जागा राहिलो. तीन वाजता आई उठली, आवाज न करता किचनमध्ये गेली, दार लावून घेतलं. मी पाच मिनिटांनी दार उघडलं. ओट्यावर पातेल्यात पाणी उकळत होतं, आणि ती डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होती. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. मला बघून म्हणाली, "झोप रे, तुला सकाळी मीटिंग आहे."

किती दिवस? माझ्याकडे लॉग होता ना. सेन्सर लावल्यापासूनच्या एकोणीसपैकी सोळा रात्री.

मी काहीच बोललो नाही तेव्हा. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी इन्हेलर बदलून दिला, तो कसा घ्यायचा ते परत शिकवलं, आणि विचारलं, "घरात ओल आहे का?" मी मान हलवली. ते म्हणाले, ओल आणि बुरशी दम्याच्या पेशंटला त्रास देते, घर सुधारा, पण घर सुधारलं म्हणून औषध बंद करू नका. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण नेटवर "बुरशी काढली आणि दमा गेला" अशा कहाण्या भरपूर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यावर वेगळी मार्गदर्शक पुस्तिका काढली. विषय गंभीर आहे, पण औषध डॉक्टर ठरवतील, आपण भिंतीचं बघायचं.

घरी येऊन मी तिची बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले. ती बघत होती. म्हणाली, "कपाट भिंतीपासून लांब ठेव आता." एवढंच.

फॉइलची चाचणी

पण दोन भिंती होत्या हे विसरू नका. एसीचं गणित कपाटामागच्या भिंतीला लागू पडतं. पश्चिमेच्या भिंतीचं काय? तिच्यावर एसीचा झोत नव्हताच.

इथे एक सोपी चाचणी आहे, भांडायच्या आधी प्रत्येक भाडेकरूने करावी अशी. किचनमधली ॲल्युमिनियम फॉइल घ्या, फूटभर चौकोन कापा. भिंतीचा तो भाग फडक्याने कोरडा करून फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. दोन दिवस ठेवा. मग बघा पाणी कुठे आहे. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी घरातल्या हवेतून येतंय. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी भिंतीतून येतंय.

मी दोन्ही भिंतींवर फॉइल लावली. कपाटामागच्या भिंतीवर थेंब बाहेरून, म्हणजे खोलीच्या बाजूने. पश्चिमेच्या भिंतीवर फॉइल काढली तर मागून चिंब.

म्हणजे आमच्याकडे एक नाही, दोन बग होते आणि लक्षणं सारखी. काका अर्धे बरोबर होते, मी अर्धा बरोबर होतो, आणि दोघंही पूर्ण बरोबर असल्यासारखे भांडत होतो.

पश्चिमेची भिंत का? आपल्याकडे पावसाळ्याचा वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो सरळ खाली पडत नाही, त्या भिंतीवर आपटतो. बाहेरच्या प्लास्टरला केसाएवढी भेग असली तरी पाणी आत ओढलं जातं. आत येताना ते विटा-सिमेंटमधले क्षार विरघळवून आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तोच लोणा. म्हणून पांढरी पूड दिसली की समजा, पाणी भिंतीतून प्रवास करून आलंय. एसीच्या घामाने लोणा येत नाही.

हे सगळं, फॉइलचे फोटो, तारखा, दोन भिंतींचा फरक, मी एका पानावर लिहून काकांना आणि सोसायटीला दिलं. आवाज न चढवता. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याची गळती हा खर्च सोसायटीचा धरला आहे. एखाद्या सभासदाच्या बाथरूममधून खालच्याकडे गळत असेल तर ते सभासदांनी आपसात बघायचं. आमची भेग बाहेरच्या भिंतीची होती. कपाटामागच्या भिंतीचा रंग मी देतो, असंही मी त्यात लिहिलं, कारण तो बग माझा होता. मला वाटतं, त्या ओळीमुळे काकांचा सूर बदलला. ते स्वतः येऊन भिंत बघून गेले, आईने केलेला चहा पिऊन गेले, आणि सेक्रेटरींकडे माझ्याबरोबर आले.

भर पावसात भिंतीची दुरुस्ती होत नाही. ओल्या भिंतीवर वॉटरप्रूफिंग लावलं तर ते फुगून सुटतं. आतून जाड प्लास्टिक पेंट मारला तर पाणी आतच कोंडतं आणि पुढच्या वर्षी आणखी मोठे पोपडे. हा प्रकार पावसाळा संपल्यावर, भिंत नीट वाळल्यावर, बाहेरून करायचा. तोपर्यंत सोसायटीने गच्चीवरून निळी ताडपत्री सोडली. लोकलमधून जाताना अर्ध्या इमारती निळ्या दिसतात ना, त्यातली एक आमची.

ताडपत्री बघून आई हसायला लागली. म्हणाली, "ही आमची झापंच की!" गावाला पावसाळ्याच्या आधी घराच्या वाऱ्याकडच्या बाजूला झावळ्यांची झापं विणून बांधायचे, मातीची भिंत झोडपली जाऊ नये म्हणून. तिने लहानपणी स्वतः विणलेली आहेत. मी दोन आठवडे सेन्सर लावून जे शोधलं, त्यातलं अर्धं तिला आधीच माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.

आता आम्ही काय करतो

पटापट सांगतो, लिहून घ्या.

एक, एसी आता २६ वर, पंख्याबरोबर. पावसाळी रात्री बऱ्याचदा ड्राय मोड. झोत भिंतीवर नाही, खोलीच्या मध्ये. आणि छोट्या खोलीत मोठा एसी घेऊ नका. तो पटकन गारवा करून थांबतो, हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि दमट राहते.

दोन, एसी बंद केल्यावर लगेच खिडकी उघडायची नाही. पंखा लावून तासभर भिंतींना गरम होऊ द्यायचं, मग आईच्या खिडक्या सताड उघड्या. एसी नसेल तेव्हा तर उघड्याच, कारण आपण स्वयंपाक करून आत जे पाणी सोडतो ते बाहेर जायलाच हवं.

तीन, स्वयंपाक करताना किचनचं दार बंद, एक्झॉस्ट चालू, झाल्यावरही पंधरा मिनिटं चालू. भांड्यावर झाकण. एक्झॉस्ट चालताना खिडकीला थोडी फट हवी, नाहीतर हवा कुठून येणार?

चार, कपडे. आमच्याकडे गॅलरी नाही. खिडकीच्या ग्रिलला पत्र्याखाली काठी बसवली. अगदीच नाइलाज असला तर बाथरूममध्ये, दार बंद, एक्झॉस्ट चालू. मशीनला दोनदा पिळायला लावायचं. त्याची वीज पंख्यापेक्षा स्वस्त पडते.

पाच, कपाट भिंतीपासून चार बोटं लांब. गादी जमिनीवर टाकत असाल तर रोज उचलून उभी करा, खालून हात लावून बघा.

सहा, बुरशी. कोरडी झटकू नका, कण उडतात. मास्क, हातमोजे, आणि आधी साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच वापरायचं तर चार लिटर पाण्याला एक कपापेक्षा जास्त नाही, खिडक्या उघड्या ठेवून. आणि हे फार महत्त्वाचं आहे, ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, ॲसिड किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दम्याच्या माणसाला त्या वेळी घरात थांबवू नका. आईला मी शेजारच्या काकूंकडे पाठवलं होतं.

सात, ओल शोषणारे डबे. त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, ते खरंच पाणी ओढतं, पण एक डबा जेमतेम अर्धा लिटर. कपाटाच्या आत ठीक, खोलीसाठी निरुपयोगी. कापूर आणि डांबरगोळ्या कीड लांब ठेवतील, ओल कमी करत नाहीत. डांबरगोळ्यांच्या वासाने आईला त्रासच व्हायचा. डीह्युमिडिफायर चांगला, पण महाग. तोही बंद खोलीतच चालवायचा, आणि त्याने खोली थोडी तापते. आम्ही तो घेतला नाही. आधी फुकटचे उपाय संपवा.

ऑगस्टअखेरीस खोलीची आर्द्रता रात्री ६० च्या आसपास राहायला लागली. कपाटामागची भिंत पुसून रंगवली, ती अजून स्वच्छ आहे. पश्चिमेच्या भिंतीचं बाहेरून काम डिसेंबरमध्ये झालं, आमच्या विंगचं. शेजारच्या विंगचा ठराव अजून सभेत अडकलाय, त्यांची ताडपत्री यंदाही लागली. आईचा दमा गेलेला नाही. इन्हेलर रोज आहे. पण किचनच्या ग्राफवर ते तीनचं टेकाड आता महिन्यातून एखाद्या वेळेस दिसतं. दिसलं की मी उठतो आणि पाणी मीच ठेवतो.

तर या आठवड्याचं काम. मिठाची चाचणी करा आणि तुमच्या खोलीचा सकाळी सातचा आकडा मला पाठवा. कपाट सरकवायची हिंमत असेल तर तेही सरकवा. आणि घरात कोणी खोकत असेल, तर कधीपासून ते विचारा.

पुढच्या भागात भाडेकराराच्या कागदावर बोलू, कारण डिपॉझिटवरून तुमचे फार मेसेज आलेत. तोपर्यंत काळजी घ्या, आणि कोरडे राहा. भेटू!